पार्श्वभूमी धूसर करणारी रसिकता

१

जुन्या वस्तूंवर जीव जडणे हा माणसाचा स्वभावच आहे, असे म्हणून आपल्याकडे अनेक गोष्टी चर्चेबाहेर ठेवल्या जातात. पण एखादी जुनी वस्तू कोणाच्या घरात ‘वारसा’ होते आणि कोणाच्या घरात ‘अडगळ’, हे स्वभाव ठरवीत नाही. ते त्या घराचा इतिहास ठरवितो. फिल्मवर चालणाऱ्या जुन्या सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्यांविषयी आणि त्यांच्या लेन्सविषयी गेल्या काही वर्षांत जे प्रेम उफाळून आले आहे, त्याचा विचार मला या अंगाने करावयाचा आहे.

ज्यांच्या घरी कॅमेराच नव्हता त्यांना कॅमेऱ्याच्या हौशीशी काय देणेघेणे, असा प्रश्न काही मित्र विचारतील. माझे म्हणणे असे की, देणेघेणे आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या माणसांचे जे थोडे चेहरे टिकून राहिले त्यांतले बरेचसे याच यंत्रांतून टिकले. जे टिकले नाहीत ते का टिकले नाहीत, याचे उत्तरही काही अंशी याच यंत्रांपाशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या रसिकतेपाशी आहे. म्हणून ही रसिकता तपासणे हे समीक्षेचेच काम आहे. पुस्तकाची समीक्षा करतो तशी अभिरुचीचीही करावी लागते.

हे रसिक कोण आहेत? पुण्या-मुंबईतले संगणक क्षेत्रात नोकरी करणारे तरुण आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, कलाशाळेतले विद्यार्थी आहेत. जगभर त्यांचे जाळे आहे. मुंबईतल्या एका संग्राहकाकडे ४,४२५ जुने कॅमेरे असल्याची नोंद २००३ साली गिनेस बुकात झाली. गुरुग्रामला २०१९ साली कॅमेऱ्यांचे एक मोठे संग्रहालयच उभे राहिले. पेन्टॅक्स स्पॉटमॅटिक, निकॉन एफ, निकॉन एफएम-२, कॅनन एई-१, रशियन झेनिट, पूर्व जर्मनीचा प्राक्टिका ही नावे ही मंडळी घरच्या माणसांची नावे घ्यावीत तशी घेतात.

२

या प्रेमात खरे काय आहे ते आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या कॅमेऱ्याची युक्ती साधी आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो, आरसा तो वर पाठवितो, वरचे पंचकोनी लोलक उलटे चित्र सुलटे करते आणि डोळ्याला तेच दिसते जे लेन्सला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, फिल्मवर प्रकाश पडतो. ड्रेस्डेनच्या इहागे कारखान्याने १९३६ साली किने एक्झाक्टा आणला, १९४९ मध्ये ड्रेस्डेनलाच पंचकोनी लोलकाचा काँटॅक्स एस झाला. जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये आरसा आपोआप जागेवर परत येईल अशी सोय आपल्या कॅमेऱ्यात केली. १९५९ चा निकॉन एफ युद्धभूमीपर्यंत पोचला. १९६४ च्या स्पॉटमॅटिकने लेन्समधून आलेल्या प्रकाशाचेच मोजमाप घेणारा मीटर सामान्य हौशी माणसाच्या हातात दिला. पेन्टॅक्स के-१००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, जवळजवळ न बदलता बनत राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर छायाचित्रण शिकून घेतले.

या यंत्रांना बॅटरी लागते ती बहुधा मीटरपुरती. ती संपली तरी शटर चालते. बिघडले तर उघडता येते आणि दुरुस्त करता येते. छत्तीसच चित्रे असल्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी विचार करतो. वर्षा-दोन वर्षांत फेकून देण्यासाठीच बनविलेल्या वस्तूंच्या आजच्या काळात पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र चालू ठेवणे ही चांगलीच गोष्ट आहे. हे रसिक स्क्रूड्रायव्हर हातात घेतात, ग्रीस पुसतात, शटरचा पडदा बदलतात, हात काळे करतात. हाताने काम करण्याला हलके समजणाऱ्या समाजात एखादा सुखवस्तू माणूस असे काम आनंदाने करू लागतो, याचे मी स्वागतच करीन.

परंतु याच ठिकाणी पहिला भेद दिसतो. हेच काम मुंबईच्या फोर्ट भागात, बोरा बाजारात, गावोगावच्या स्टुडिओंच्या मागच्या खोलीत कित्येक कारागिरांनी पोटासाठी आयुष्यभर केले. सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा त्यांनी ते कानसून बनविले. १९९१ पूर्वी परदेशी कॅमेरा आणणे कठीण होते. रशिया आणि पूर्व युरोपशी रुपयांत व्यापार चालत असल्यामुळे झेनिट आणि प्राक्टिका त्यातल्या त्यात आवाक्यातले होते, पण तेही तालुक्याच्या स्टुडिओवाल्याला कर्ज काढूनच घ्यावे लागत. ती यंत्रे आजपर्यंत चालत आली ती या माणसांच्या हातांमुळे. रसिकाने कॅमेरा उघडला की तो ‘छंद’ ठरतो आणि त्याचे कौतुक होते. कारागिराने उघडला की ती ‘रिपेअरी’ ठरते आणि तिच्या मजुरीवर घासाघीस होते. काम एकच, मोल दोन. आपल्या समाजात हे नवे नाही.

३

आता या रसिकतेची परिभाषा पाहू. कोणत्याही अभिरुचीचे खरे रूप तिच्या विशेषणांत सापडते.

हे लोक लेन्सला ‘स्वभाव’ आहे असे म्हणतात. आजची लेन्स निर्दोष पण ‘निर्जीव’, जुनी सदोष पण ‘आत्मा असलेली’. कॅमेऱ्याच्या काळ्या रंगाचे पोपडे उडून आतले पितळ दिसू लागले की त्याची किंमत वाढते; वापराने झिजलेली कड ‘देखणी’ ठरते. वस्तूवरच्या झिजेचे एवढे कौतुक करणारी नजर माणसाच्या हातावरच्या झिजेपाशी का थांबत नाही, हा प्रश्न मला पडतो. पन्नास वर्षे वापरलेला कॅमेरा मखमलीवर ठेवतात. पन्नास वर्षे वापरलेल्या माणसाला पेन्शनही नसते.

पण सर्वांत लाडका शब्द दुसराच आहे. तो जपानी आहे, ‘बोके’. मराठी कानाला त्यात बोका ऐकू येतो, ते सोडून द्या. मूळ अर्थ धूसरपणा. १९९७ साली एका अमेरिकन मासिकाने या विषयावर लेख छापले आणि तेव्हापासून हा शब्द इंग्रजीत व तेथून आपल्याकडे रुळला. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवले की ज्याच्यावर नेम धरला तेवढाच स्पष्ट येतो आणि मागचे सगळे विरघळून जाते. ते कसे विरघळते, लोण्यासारखे की रेघारेघांनी, याची चर्चा रसिक तासन्तास करतात. झेनिटबरोबर येणारी हेलिऑस-४४ ही ५८ मि.मी.ची लेन्स याचे उत्तम उदाहरण आहे. ती जर्मनीच्या त्साइस कंपनीच्या बिओटार लेन्सवरून रशियात बनविली गेली. झेनिट-ई हा कॅमेरा १९६५ पासून एकट्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तीस लाखांहून अधिक बनला, म्हणजे ही लेन्स काही दुर्मीळ नव्हे. एके काळी ती साध्या माणसाची स्वस्त लेन्स होती. आज तिला मागणी आहे ती एकाच कारणासाठी : तिच्यातून मागची झाडे-पाने भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात. म्हणजे लेन्सची किंमत ती काय दाखविते यावरून न ठरता ती मागचे काय आणि किती सुंदर रीतीने पुसते यावरून ठरू लागली.

पार्श्वभूमी पुसण्याचे हे सौंदर्यशास्त्र आपल्याला अनोळखी नाही. जुन्या घरांतले लग्नाचे अल्बम काढून पाहा. वधूवर स्पष्ट आहेत, व्याही स्पष्ट आहेत, आहेराची भांडी स्पष्ट आहेत. मागे सनई-ताशावाले उभे असतात, पत्रावळी उचलणारी बाई असते. त्यांच्याशिवाय लग्न पार पडले नसते; चित्रात मात्र ते कायम फोकसच्या बाहेर आहेत. तेथे लेन्सने काही कट केला असे मी म्हणत नाही. लेन्सला जेथे नेम धरायला सांगितले तेथे तिने तो धरला. नेम कोठे धरायचा हे मात्र लेन्सच्या मागचा माणूस ठरवीत होता, आणि त्या माणसाची नजर गावाने घडविलेली होती.

मराठी साहित्यातही हीच गोष्ट घडली. दलित आत्मकथने आली तेव्हा तक्रार अशी झाली की यांत कलात्मक अंतर नाही, निवड नाही, सगळेच सारख्या ठसठशीतपणे अंगावर येते. कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचे तर या लेखकांनी छिद्र लहान केले होते. छिद्र एफ १.४ वरून एफ १६ वर नेले की जवळच्या उंबरठ्यापासून लांबच्या गावकुसापर्यंत सगळे एकाच वेळी स्पष्ट येते. पण त्याची किंमत मोजावी लागते. तेव्हा आत येणारा प्रकाश १२८ पटींनी कमी होतो, म्हणून एकतर ऊन भरपूर लागते किंवा शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते. ज्यांनी सगळे दाखवायचे ठरविले त्यांना फार वेळ डोळे उघडे ठेवावे लागले. प्रस्थापित रसिकतेला त्याचा त्रास झाला, कारण तिची सवय मोठ्या छिद्राची होती. एक सुंदर दुःख समोर, बाकीचे लोण्यासारखे मागे.

धूसरपणाला मी दोष देत नाही. थकलेल्या आजीचा चेहरा काढताना मागचा पसारा मवाळ करणे ही मायाही असू शकते. आक्षेप आहे तो धूसरपणा हाच लेन्सच्या थोरवीचा निकष करण्याला. साधन साध्य होऊन बसले की अशीच गत होते.

४

‘जुन्या यंत्रात प्रामाणिकपणा होता’ हे या रसिकांचे आणखी एक आवडते वाक्य. यंत्र प्रामाणिक असते की नाही ते सोडा. यंत्रात गृहीतके असतात. ती कोणाला धरून केलेली असतात, ते पाहावे लागते.

स्पॉटमॅटिकचा मीटर समोरच्या सर्व चौकटीचा प्रकाश एकत्र करून सरासरी काढतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असेल, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारे असेल, असे मीटरच्या मांडणीत धरून चालतात. आता चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीपुढे, पांढरे धोतर नि पांढरी टोपी घालून, उन्हाने रापलेला काळा माणूस उभा करा. मीटर भिंत आणि धोतर पाहतो आणि सांगतो, प्रकाश फार आहे, छिद्र लहान कर. फोटोवाल्याने ते ऐकले की धोतराची प्रत्येक चुणी येते आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग येतो. उपाय अवघड नाही. जवळ जाऊन मीटर चेहऱ्यावर धरावा, नाहीतर छिद्र एक-दीड घर अधिक उघडावे. पण त्यासाठी चेहरा महत्त्वाचा वाटावा लागतो.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. आजोबांचे एकही छायाचित्र नाही. वडिलांचे पहिले छायाचित्र निघाले ते नोकरीच्या अर्जाला चिकटविण्यासाठी. त्यात शर्टाची कॉलर आणि मागचा पडदा अगदी उत्तम आला आहे. आपल्या पुष्कळ घरांची कथा हीच आहे. आपल्याकडे छायाचित्र आठवण म्हणून आले नाही, ओळखपत्राचा पुरावा म्हणून आले. रेशनकार्ड, दाखला, अर्ज. स्टुडिओवाला फार दयाळू असला तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळून देत असे. म्हणजे एकतर काळा डाग किंवा उसना गोरेपणा. आपला रंग आहे तसा मिळणे हाच अपवाद होता.

रंगीत फिल्म आली तेव्हा हे गृहीतक आणखी उघडे पडले. रंग बरोबर छापले जातात की नाही हे पडताळण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर लागले असे समजत. कॅनडाच्या संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या विषयावर लिहिले. त्यांच्या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून कंपनीला हलविणाऱ्या तक्रारी लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनविणाऱ्यांच्या होत्या. काळ्या माणसांच्या चेहऱ्यांनी जे साधले नाही ते टेबल-खुर्च्यांनी साधले. ‘जुन्या फिल्मचे उबदार रंग’ असे कोणी हळहळून म्हणतो तेव्हा ती ऊब कोणाच्या गालांसाठी मापून घेतली होती हे विचारावेसे वाटते.

५

रसिकांना लेन्सविषयी फार माहिती असते. सुपर-टाकुमार ५० मि.मी. एफ १.४ मध्ये पहिल्यांदा आठ भिंगे होती, नंतर सात झाली. नंतरच्या काचेत थोरियम होते, म्हणून ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की पुन्हा उजळते. ही माहिती खरी आहे आणि रंजकही आहे. पण भिंगे घासणारे, पॉलिश करणारे, स्क्रू बसविणारे हात या माहितीत कोठेही नसतात. आकृती काढणाऱ्याचे नाव असते, काच घासणाऱ्याचे नसते.

प्राक्टिकाचेच पाहा. हा कॅमेरा ड्रेस्डेनच्या पेंटाकॉन कारखान्याचा. त्याच्या कामाचा एक भाग कोटबुस येथील तुरुंगात होत असे आणि तेथे राजकीय कैदीही होते. देश सोडून जाऊ पाहणे एवढाच ज्यांचा गुन्हा होता अशा माणसांना कॅमेऱ्याच्या भागांच्या कामाला जुंपले जाई, ठरलेला कोटा पुरा करावा लागे. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण होतानाच हा कारखाना मोडीत काढण्याचे ठरले आणि हजारो कामगार घरी बसले. आज कोणी हौशीने म्हणतो, ‘प्राक्टिकाचे शटर पडते तेव्हा काय ठोस आवाज येतो!’ त्या आवाजात आणखी काय काय आहे ते त्याला ऐकू येत नाही, कारण वस्तूवर प्रेम करताना तिची जन्मकथा विसरण्याची त्याला मुभा आहे.

फिल्मची जन्मकथा तर आपल्या अगदी दाराशी येते. फिल्मवर चांदीचे क्षार ज्या पातळ थरात बसविलेले असतात तो थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन बनते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून. त्याला आजतागायत पुरता पर्याय मिळालेला नाही. कोडॅकचे शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की जिलेटिनमधल्या गंधकाच्या अंशामुळे फिल्मची प्रकाशाला दाद देण्याची शक्ती वाढते, आणि तो अंश जनावराने खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून येतो. म्हणजे गाय काय चरली यावर चित्र किती उजळ येणार हे ठरत होते. भारतातून जनावरांच्या हाडांचा चुरा या उद्योगासाठी वर्षानुवर्षे परदेशी जात असे. १९७५ साली केरळात जपानी भागीदारीत कंपनी निघाली तीही हाडांपासून जिलेटिनचा कच्चा माल बनविण्यासाठीच.

आपल्या गावांत मेलेले ढोर कोण ओढीत असे, हाडे कोण वेचीत असे, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांना मृत मांस सोडण्याचे आवाहन करावे लागले, एवढे ते काम आणि त्या कामाचा कलंक एकमेकांत गुंतले होते. ज्या हातांनी ढोर ओढले त्या हातांना गावाने पाणवठ्याला शिवू दिले नाही. त्याच ढोरांची हाडे आगगाडीने नि बोटीने जाऊन, कारखान्यात उकळून, पारदर्शक होऊन परत आली, तेव्हा मात्र त्यांचा विटाळ कोणाला झाला नाही. सोवळ्यातल्या आजोबांची मुद्रा जिलेटिनच्या थरावरच उमटली आणि ती तसबीर देवघराशेजारी लागली. अस्पृश्यता वस्तूला नसते, ती माणसालाच चिकटविलेली असते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

६

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका संग्राहकाने जुन्या कॅमेऱ्यांचे प्रदर्शन मांडले होते. माणूस सज्जन, बोलणे मनापासूनचे. चाळीसेक कॅमेरे, प्रत्येकासमोर कार्ड : कंपनी, साल, लेन्स, शटरचा वेग. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या माझ्या एका विद्यार्थिनीने सगळे टेबल फिरून झाल्यावर मला विचारले, “सर, यांनी काढलेले फोटो कुठं आहेत?” मी तोच प्रश्न त्या गृहस्थांकडे नेला. ते म्हणाले, “ते काय, ज्याचे त्याच्याकडे असतील. मी कॅमेरे घेतो. एक-दोन स्टुडिओवाले निगेटिव्हचे खोकेही देत होते, पण ती अडगळ कोण सांभाळणार?”

माझ्या मते या सर्व रसिकतेवरची समीक्षा त्या मुलीच्या प्रश्नात आहे. कॅमेऱ्याची थोरवी त्याच्या शटरच्या वेगात नाही. तो कोठे उभा होता आणि त्याने काय पाहिले, यात ती आहे.

एक उदाहरण देतो. स्पॉटमॅटिकचाच मीटर नसलेला साधा भाऊ म्हणजे पेन्टॅक्स एसएल. रसिकांच्या उतरंडीत त्याची जागा खालचीच. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोला १६ जून १९७६ रोजी शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. तेव्हा ‘द वर्ल्ड’ या वृत्तपत्राचा काळा छायाचित्रकार सॅम न्झिमा याच्या हातात हा कॅमेरा होता. बारा वर्षांच्या हेक्टर पीटर्सनला हातांवर घेऊन धावणारा मुलगा आणि शेजारी हंबरडा फोडणारी बहीण हे चित्र त्याने घेतले. पोलीस फिल्म हिसकावून घेत होते, म्हणून त्याने रोल मोज्यात लपविला. चित्र जगभर छापले गेले. न्झिमाला मात्र पोलिसांच्या छळामुळे नोकरी आणि शहर सोडून गावी परतावे लागले. आपल्याच चित्राचे हक्क मिळायला १९९८ साल उजाडले. २०१८ मध्ये तो वारला. त्या दुपारी लेन्सचा बोके कसा होता हे कोणी विचारीत नाही. मीटर नव्हता तरी प्रकाशाचा अंदाज चुकला नाही, कारण समोरचे चेहरे त्याचे होते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस आणि त्याचे घर. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांत पार्श्वभूमी विरघळत नाही, कारण पार्श्वभूमी हाच त्यांचा विषय आहे. जी माणसे शतकभर इतरांच्या छायाचित्रांत कडेला होती ती येथे चौकटीच्या मध्यभागी येऊन सरळ आपल्याकडे पाहतात. हीही रसिकताच मागणारी कला आहे. फक्त तिची रसिकता काचेपाशी थांबत नाही.

७

आता कळीच्या मुद्द्याकडे येतो. आज जुन्या कॅमेऱ्याला भाव आहे, आणि त्याने काढलेल्या निगेटिव्हला रद्दीचाही नाही. रसिक आपली लेन्स बुरशी लागू नये म्हणून आर्द्रता मोजणाऱ्या बंद कपाटात ठेवतो. त्याच लेन्सने काढलेल्या निगेटिव्ह माळ्यावर पत्र्याखाली शिजतात. कित्येक स्टुडिओ बंद होताना निगेटिव्ह चांदी काढणाऱ्यांना विकल्या गेल्या, नाहीतर जाळल्या गेल्या.

यात गेले ते काय? १९७२ नंतरच्या पँथरच्या सभा. १९७८ ते १९९४ या काळातला नामांतराचा लढा, लाँग मार्च, जळालेल्या वस्त्या. गावोगावच्या जयंतीच्या मिरवणुका. वस्तिगृहातली पहिली बॅच. पहिल्यांदा पाचवारी साडी नेसून मास्तरीण झालेली बाई. ही चित्रे मोठ्या छायाचित्रकारांनी काढलेली नाहीत. ती तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने, वार्ताहराने, एखाद्या कामगार कार्यकर्त्याने मागून आणलेल्या झेनिटने काढलेली आहेत. त्यावेळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल देशात बनत होता. १९६७ साली उत्पादन सुरू झालेला तो सरकारी कारखाना आज बंद पडला आहे. फिल्म गेली, कारखाना गेला, स्टुडिओ गेले. उरल्या आहेत त्या ट्रंकांमधल्या पट्ट्या. त्या बहुतेक ॲसिटेटच्या आहेत. दमट हवेत ॲसिटेट कुजते आणि त्याला व्हिनेगरचा आंबूस वास येऊ लागतो. एकदा वास येऊ लागला की फार वेळ उरलेला नसतो. पट्टी आकसते, सुरकुतते, चित्राचा थर सुटतो. आपला लिखित इतिहास इतरांनी लिहिला अशी आपली तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण आपल्याच हातच्या या दृश्य इतिहासाला आपण वाळवीच्या हवाली केले तर तक्रार कोणाकडे करणार?

म्हणून मी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगतो, रसिकांवर रुसून बसू नका. त्यांचे ज्ञान घ्या आणि ते आपल्या कामाला लावा. जुन्या लेन्समध्ये एक मोठा गुण आहे. ४२ मि.मी. व्यासाच्या आट्याची कोणतीही लेन्स थोड्या पैशांच्या जोडकड्याने आजच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. मध्ये एक्स्टेन्शन नळ्या घातल्या की ती निगेटिव्हच्या एका चौकटीइतक्या जवळून स्पष्ट पाहते. खालून सारखा पांढरा उजेड, वर स्टँडला घट्ट बसविलेला कॅमेरा, छिद्र एफ ८ वर. एवढ्या सामग्रीत एका दुपारी शंभर-दोनशे निगेटिव्हची नक्कल होते. पट्ट्या कडेने धराव्यात, प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीऐवजी आम्लरहित कागदात ठेवाव्यात, ट्रंक माळ्यावरून खाली आणून कोरड्या खोलीत ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना चित्रातली माणसे ओळखता येतात ती म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून नावे लिहून घ्यावीत. पुढच्या रांगेतल्यांची घ्यावीत तशी मागे धूसर उभ्या असलेल्यांचीही घ्यावीत.

हे काम एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग करू शकतो, वस्तीतले वाचनालय करू शकते, चार मित्र मिळून करू शकतात. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. संग्राहकांनीही यात यावे. ज्यांना पन्नास वर्षांपूर्वीचे शटर पुन्हा चालू करता येते त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा चेहरा पुन्हा उजेडात आणता येणार नाही असे मी मानत नाही. त्यांच्या प्रेमाला फक्त एक पाऊल पुढे टाकावे लागेल. काचेकडून काचेने पाहिलेल्या माणसाकडे.

लेन्सचा स्वभाव शोधणाऱ्या या रसिकतेला आपण शेवटी एवढेच विचारायचे आहे : तुझ्या कपाटातल्या या लेन्सने आजवर कोणाला पाहिले? याचे उत्तर तिच्यापाशी नसेल, तर ते उत्तर ज्या ट्रंकांत पडून आहे त्या ट्रंका आपणच उघडल्या पाहिजेत. आणि या पावसाळ्याच्या आत उघडल्या पाहिजेत.